एकसष्ट नंबरचा जुना पत्ता

१२ ऑक्टोबर २००८

एकशे त्रेचाळीस भाषणं. एकही मागे राहणार नाही! बेबीनंदाला आज ठणकावून सांगितलं. बहिणीची ही पोर मस्तगडात कंप्युटर क्लास चालवते. सात वर्षांपूर्वी माझी वेबसाइट तिनंच उभी केली. आता म्हणते, जुनी पद्धत मोडकळीला आली, सगळं नव्या रचनेत हलवावं लागेल. हलवू! अडचण एकच – नव्या रचनेत प्रत्येक भाषणाच्या पानाचा पत्ता बदलतो. आणि जुने पत्ते मी कुठं कुठं छापलेत! पत्रकांवर, पुस्तिकांच्या पाठीवर, राजूरच्या वाचनालयाच्या भिंतीवर तर निळ्या रंगात हातभर अक्षरांत. तिथून वाचून कुणी जुना पत्ता टाकला तर ‘पान सापडत नाही’ एवढंच दिसेल.

आमचं लिहिलेलं पुसून टाकणारे पिढ्यान् पिढ्या होऊन गेले. ते काम आपण आपल्या हातानं करायचं नाही. जुना पत्ता टाकला तरी माणूस बरोबर त्याच भाषणापाशी पोचला पाहिजे. प्रत्येक पत्ता! बेबीनंदा म्हणाली, वेळ लागेल. लागू दे.

१५ ऑक्टोबर

जुना पत्ता नव्याला जोडायचा म्हणजे काय, ते पोरीनं आज समजावलं. “मामा, माणूस गाव सोडून गेला की पोस्टमन कसा जुना पत्ता खोडून नवा लिहितो, अन् पत्र पुढं धाडतो? बिलकुल तसंच.”

चांगलं समजावते. मी मात्र चहा अर्धा टाकून उठलो. का, ते आज लिहिणार नाही.

१९ ऑक्टोबर

साठ पत्ते जोडून झाले. एकसष्टाव्याला मी म्हणालो, हे राहू दे.

तिनं मान वर केली. एकही न्हाई म्हणलात ना तुम्ही? म्हटलं, जुनं झालं ते. “मामा, आधीची साठ काय कालची हायेत?”

तिचं उत्तर इथं देतो.

एकसष्ट म्हणजे एप्रिल २००२, शहागडची सभा. नदीकाठच्या एका गावात विहिरीवर आमच्या बायांना अडवलं होतं. चौकशी समिती बसली. अडवताना पाहिलेला आणि बोलायला तयार असलेला माणूस एकच – तातेराव गवंडी. ऐनवेळी साक्षीची तारीख आठ दिवस अलीकडे आली. त्याला कळवायचं काम माझं. मी कार्ड टाकलं. तो आला नाही. चौकशी गुंडाळली गेली. तिसऱ्या दिवशी शहागडच्या व्यासपीठावरून मी त्याचं नाव घेऊन म्हणालो – हा माणूस विकला गेला! टाळ्या अजून कानात आहेत.

पंधरा दिवसांनी कार्ड परत आलं. ‘गाव सोडून गेले.’ तातेराव कामासाठी अंबडला राहायला गेला होता. नवा पत्ता त्यानं स्वतः दिला होता, माझ्या वहीत होता. मी सवयीनं जुना लिहिला.

कार्ड शब्दकोशात ठेवलं. भाषण साइटवर राहिलं. तातेराव पुन्हा भेटला नाही, आणि मी भेटायला गेलो नाही.

आता ते पान आपोआप गळालं तर दोघांचंही भलं – असं मनाला सांगतो आहे. दुसऱ्या कुणी असं सांगितलं असतं तर भर सभेत सोलला असता त्याला.

२६ ऑक्टोबर

सहा वर्षांनी तातेराव दारात! केस पांढरे झालेत. माझ्या बायकोनं, पुष्पानं पाणी आणून ठेवलं. त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. माझं एकसष्ट, छापून काढलेलं.

मुलगी करुणा, तिला स्थळ आलंय. मुलगा पुण्यात कंप्युटरवर. त्याच्या भावानं तातेरावचं नाव टाकून शोधलं तर पहिलं हेच निघालं. आता कागद पाहुण्यांत हातोहात फिरतोय. मुलाचा बाप म्हणतो, विकल्या गेलेल्या माणसाशी सोयरीक कशी करावी? मुलगा महिनाभर थांबायला तयार आहे.

मी लगेच म्हणालो, पान आजच काढतो. वाटलं, त्याला बरं वाटेल.

“काढू नका, सर.”

असा कागद छापला की तळाला बारीक अक्षरात पानाचा पत्ता येतो. त्यानं त्यावर बोट ठेवलं. “असे किती कागद फिरून राह्यलेत मला ठावं न्हाई. पान गेलं की हे कागद तेवढे खरे. लोक म्हणतील, सरांच्या पाया पडून पुसून घेतलं. या पत्त्यावर जो जाईल त्याला तिथंच दिसू द्या, मी का आल्तो न्हाई.”

मी उठलो. शब्दकोशातून कार्ड काढून त्याच्या हातात दिलं. त्यानं पुढून वाचलं, मागून वाचलं. पुन्हा पुढून.

“हे सहा वर्षं तुमच्या घरात व्हतं?”

हो म्हणालो.

तो गेला. पाणी तसंच राहिलं.

२७ ऑक्टोबर

चिठ्ठीशिवाय दोन तास बोलणारा मी – चार ओळी होईनात. ‘गैरसमज झाला.’ खोडलं. गैरसमज कसला?

३० ऑक्टोबर

जमलं! ‘मी’पासून सुरुवात केली आणि सुटलं.

३ नोव्हेंबर

नवी साइट सुरू. सकाळी राजूरच्या भिंतीवरचा पत्ता टाकून पाहिला – बरोबर त्याच भाषणापाशी. पत्रकांवरचे टाकले – सगळे पोचतात. शेवटी एकसष्ट. वर कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो, मग माझं लिहिलेलं : पत्ता मी चुकवला, तातेराव नाही, आणि चूक कळूनही सहा वर्षं मी गप्प बसलो. त्याखाली जुनं भाषण, जसंच्या तसं. एक अक्षर बदललं नाही. बेबीनंदानं दोनदा वाचलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, एकशे त्रेचाळीस झाले, मामा.

संध्याकाळी संघटनेतल्या भुजंगचा फोन. सर, विरोधकांना आयतं हत्यार दिलंत. म्हटलं, घेऊ दे की! दुसऱ्याच्या चुकीवर बोट ठेवायचा ठेका फक्त आपण घेतलाय काय? आज मला कुणाची भीती नाही. उद्या सभा लागली तर उभा राहतो!

तातेरावचा निरोप मात्र नाही.

१६ नोव्हेंबर

नाही.

२१ डिसेंबर

पोस्टानं पत्रिका आली. करुणाचं लग्न, ११ जानेवारी, अंबड. मुलगा पुण्याचाच. ‘आहेर आणू नयेत’ जिथं छापतात तिथं एकसष्टचा पत्ता – जुना, अक्षर न् अक्षर. कडेला पेनानं, तातेरावच्या हातचं :

‘सर, जेवायला या. भाषण करू नका.’