आईचे टाके आणि दुसरा पडदा

प्रिय ताईस,
धाकटीचा नमस्कार. मी बरी आहे, नोकरीही ठीक चाललीय. पण हे पत्र आईसमोर वाचू नकोस.

लॅपटॉपला जोडायला मी तो बिनवायरचा दुसरा पडदा, म्हणजे मॉनिटर, घेतला होता ना, तो आता कपाटात टाकलाय. त्याच्याकडे बघितलं तरी शिसारी येते.

परवा माझी रूममेट सिनेमा बघायला तो पडदा तिच्या खोलीत घेऊन गेली. इकडे मी लॅपटॉपवरून आईला व्हिडिओ कॉल लावला. तो मेला पडदा आपोआप जोडला गेला आणि माझ्यासमोरचं सगळं तिकडेही दिसायला लागलं. आईने मला ऑपरेशनचे पोटावरचे टाके दाखवले. रूममेट आणि तिच्या दोन मैत्रिणी बिस्किटं खात ते बघत बसल्या. आवाज तिकडे गेला नाही, एवढंच नशीब.

मला कळलं सकाळी. पाव चावत बाईसाहेब म्हणाल्या, "काकूंचे टाके सुकलेत की गं! पण शिवलंय कसं, पोतं शिवल्यासारखं!" आणि वर हसल्या. अंगावर पाल पडल्यासारखं झालं मला. "बंद का नाही केलंस?" म्हटलं, तर म्हणे, "त्यात काय एवढं?"

मी दुसरी खोली शोधतेय.

आईला सांग, लॅपटॉप बिघडलाय, आता नुसतं फोनवर बोलू. ती पथ्य पाळते ना? तुझी कंबर कशी आहे?

ताई, पदर बाजूला करण्याआधी आईने दोनदा विचारलं होतं, "तिथे कुणी नाही ना गं?" मी उठून दाराला कडी घातली आणि म्हटलं, "कुणी नाही, आई. आपण दोघीच आहोत."

तुझी,
धाकटी