तपासणी जोडीने

धुळे, ३ मार्च २०२५

चि. वृषालीस अनेक आशीर्वाद.

तुमच्याकडे फोन कायम स्पीकरवर, म्हणून पत्र. आमचे नाना चोपन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. माझा धाकटा भाऊ, म्हणजे तुझा नवरा, आता बावन्नचा. महिला मंडळात डॉक्टरीणबाई सांगत होत्या, की मधल्या वयात हा आजार पुरुषांनाच जास्त गाठतो. तेवढ्यात चहा आला आणि पुढचं राहिलं. समाधानला ओढत ने, पण तपासून घे. शेवभाजीवरची तर्री बंद. माया आहे म्हणूनच हुकूम सोडते.

तुझी,
अक्का

जळगाव, २४ मार्च

आदरणीय अक्कांस सप्रेम जयभीम वि. वि.

तुमचे बंधू ‘माले काय व्हयेल शे’ करत आले, तेही मीसुद्धा तपासून घेईन या अटीवर. दवाखान्यातल्या फिरत्या पट्ट्यावर ऐटीत चालले, रिपोर्ट चांगले आले. त्यांच्या भाजीवरची तर्री काढून मी माझ्याच ताटात घेत होते. टाकवत नाही ना.

आता एक तुमच्यापुरतं. पट्ट्यावर मला अर्ध्यातच थांबवलं. जबडा दुखत होता. दाढ समजून मी दोन महिने लवंग धरते आहे. डॉक्टर म्हणाले, दाढ नव्हे, हृदयाचं दिसतंय. पाळी थांबली की बायकांनाही हे गाठतं, फक्त त्या दवाखान्यात उशिरा येतात. अँजिओग्राफी लवकर करा म्हणाले. हे तेव्हा चहाला गेले होते. मी सांगितलेलं नाही. बिबड्यांची ज्वारी भिजत घातली आहे, ते पापड वाळले की बघू. रागावलात तरी लोभ कमी करू नका.

आपली,
वृषाली

धुळे, २७ मार्च

चि. वृषालीस आशीर्वाद.

तुझं गुपित मी ठेवलं नाही. समाधानला फोन केला, आधी स्पीकर बंद करायला लावून. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, अक्का, तिला दुखतं हे मला कसं कळलं नाही? याचं उत्तर तूच दे. पत्रापाठोपाठ येते. बिबड्या मी घालीन. वाकड्या झाल्या तरी मुकाट्याने खायच्या.

तुझी,
अक्का

जळगाव, २० एप्रिल

आदरणीय अक्कांस सप्रेम जयभीम वि. वि.

तुम्ही गेल्यापासून घर शांत आहे. एकच रक्तवाहिनी अरुंद होती, तिथे स्टेंट नीट बसला आहे. डॉक्टर खूश आहेत. संध्याकाळी आम्ही फिरायला जातो. परतताना जिन्यात हे पायरीपायरीला विचारतात, त्रास होतोय का. मी सवयीने ‘काही नाही’ म्हणत असे. काल मी म्हणाले, जरा दम लागलाय. तर हे पायरीवर बसलेच, आणि मलाही बसवलं. शेजारची माणसं वळसा घालून वर गेली. सव्वीस वर्षांत आम्ही असं कधी बसलो नव्हतो. दम केव्हाच गेला होता, मी मात्र सांगितलं नाही.

तुमचा राग आणि लोभ, दोन्ही हवेत.

आपली,
वृषाली