बोडीतला चिखल आणि शेरा

रविवार, १२ फेब्रुवारी १९८४
वनविश्रामगृह

यांच्या हट्टाने दोन दिवस जंगलात आलो आणि यांच्याच हट्टाने आज चिखलात रुतलो. जीप हे चालवत होते. वाट दाखवायला शेजारच्या गावचा सुखराम होता. रानगवे जवळून पाहायचे म्हणून यांनी जीप वाटेवरून खाली, आटलेल्या बोडीत, म्हणजे गावतळ्यात, वळवली.

"सायेब, तिकडं नोका नेऊ. वरून वाळलं दिसते, खाली गारा हाये."

"अरे, पंचवीस वर्षं गाडी चालवतोय मी."

"गाडी तुमची हाये सायेब, पर बोडी आमची हाये."

चारही चाकं आत. सुखरामच गावात धावत गेला, बैलजोडी आणली, जीप ओढून काढली. आणि संध्याकाळी यांनी इथल्या वहीत शेरा लिहिला: 'वाटाड्या निष्काळजी. पुन्हा कामावर घेऊ नये.'

निष्काळजी कोण? ती वही वाचूनच इथले साहेब माणसं ठेवतात-काढतात, हे यांना ठाऊक आहे. विचारलं तर म्हणाले, "तू यात पडू नकोस." मुलींना जन्मभर खरं बोलायला शिकवलं, मग जीपमध्ये मी तरी गप्प का बसले? सुखराम सांगत होता ते मलाही पटलं होतं.

हे आंघोळीला गेल्यावर शेऱ्याखाली लिहिलं: 'वाटाड्याने आधीच बजावले होते. माझ्या पतींनी ऐकले नाही.' खाली पूर्ण नावाने सही केली.

यांनी ते वाचलं. जेवताना वरण हवं होतं, तर आतून खानसाम्याला हाक मारून बोलावलं. वरणाचं भांडं माझ्या हाताशी होतं.