दादाच्या गाडीचं इंजिन

वहिनी,

मी ताईकडे आईला भेटायला चाललोय, जेवायला थांबू नका. मागच्या खोलीत पाय जपून टाका, दादाच्या गाडीचं इंजिन फरशीवर खोललेलं आहे.

इतकी वर्षं पडून ते गंजानं जाम झालं असेल, असं मला वाटलं होतं. आत डिझेल मुरू दिलं, मग लाकडी ठोकळा ठेवून हळूहळू ठोकत पिस्टन काढला. गंज होता, पण वरवरचा. त्याखाली पिस्टन उभा खरवडलेला आहे आणि त्याचा धातू वितळून सिलिंडरला चिकटलाय. उभ्या गाडीत असं होत नाही. मग ऑइल पंपाचं गिअर तुटलेलं सापडलं. म्हणजे तेल वर पोचलंच नाही, इंजिन चालता चालता सीज झालं, जागीच जाम बसलं आणि मागचं चाक अडकलं. गॅरेजच्या वस्तादांना दाखवलं. म्हणाले, "यात कुणीही पडला असता."

तुमच्याशी भांडून, डोक्यात राख घालून गाडीवर निघाला म्हणून दादा गेला, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची आणि तुम्ही खाली मान घालून त्यांना चहा द्यायचात. वहिनी, भांडणाचा काही संबंध नव्हता.

पिस्टन सोबत नेतोय. आई लगेच मानणार नाही. पण दोष द्यायला कुणी उरलं नाही, तर ती रडेल. दादा गेल्यापासून ती रडलेलीच नाही. म्हणून आज तिथेच राहतो.