दीडशे खुंट्या, पाच पावलं

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार, तोही वाकून. कंबर आता सरळ होतच नाही. तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला थांबला का? आम्ही सगळे खुशाल आहोत, फक्त घर ओढ्यात चाललं आहे. गेल्या वर्षी आईच्या खोलीपासून काठ अकरा पावलांवर होता, आज पाचवर आला. (पावलं आईची. रोज सकाळी मोजते आणि आकडा मला चहाबरोबर देते.) खोली बदल म्हटलं तर म्हणते, “मी कशाला हलू? ओढ्याला हलव.”

तू तुझ्या रोपवाटिकेतून, मुळांनी काठ धरून ठेवणाऱ्या वाळुंजाच्या फांद्यांचे दीडशे छाट पाठवलेस, उपकार झाले. सोबत चार पानी सूचनाही होत्या. चाळीस वर्षं पोरांना सुतारकाम शिकवलेल्या माणसाने खुंटी ठोकायला कागद वाचायचा, हा अपमान गिळून मी कामाला लागलो. तुटका काठ उतरता केला, त्यावर काथ्याची जाळी अंथरली (तीत मीच दोनदा अडकलो, हिने सोडवलं, पण आधी पोटभर हसून घेतलं), छाट तासले आणि ओळीने ठोकले. दोन महिने झाले, एकालाही पालवी नाही. मी माती बदलली, पाणी वाढवलं, शेजाऱ्याशी आणि त्याच्या बकरीशी भांडलो (बकरी निदान ऐकून घेते), तुझ्या मालालाही नावं ठेवली. ताई, खरं सांगतो, मला आता भीती वाटते.

तुझा,
धाकटा

ता. क. आणखी दीडशे छाट पाठव. सूचनाही पाठव, पहिल्या सूचना डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली आहेत.

ता. क. २. हिने त्या आत्ताच काढून मोठ्याने वाचल्या. जाड टोक जमिनीत, कोंबांचे डोळे वर. आम्ही सुतार बारीक टोक तासून तेच ठोकतो, कष्ट कमी लागतात. म्हणजे दीडशेच्या दीडशे खाली डोकं वर पाय उभे आहेत. बकरीची माफी मागायला हवी.

ता. क. ३. दीडशे नव्हे, एकशे एकोणपन्नास. एक छाट हिने कपड्यांच्या दोरीसाठी परस्पर नेला होता आणि जाड टोक खाली करून, न तासताच रोवला होता. आत्ता सदरा काढायला गेलो, तर मागे वीतभर पालवी. आईला दाखवली. तिने हात लावून पाहिली आणि म्हणाली, “पाचच पावलं उरलीत. या खेपेला सुनेला लावू दे.”