जौफरचा व्हिसा

जुबैल
१९ मार्च १९९१, तिसरा रोजा

अली यास,

सफूराचा सलाम. अस्माला आणि पोरांना दुवा. आम्ही इथे खुशाल आहोत, तुम्हीही तिथे खुशाल असाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं.

लढाई संपली. खिडक्यांना लावलेल्या चिकटपट्ट्या मी परवा खरवडून काढल्या, पण डिंक काही काचेवरून जात नाही. कुवेतकडून जळत्या विहिरींचा धूर येतो आणि वाळत घातलेले कपडे काळे होतात. समुद्रावर तेलाची साय आहे, त्यामुळे मासळी मिळत नाही. आमच्या इफराची शाळा सुरू झाली. तिचे अब्बा पुन्हा कंपनीच्या बसगाड्यांच्या मागे लागलेत.

अस्माचं पत्र पोचलं. आता सगळं शांत झालंय, पोराची, तल्हाची, तयारी आहे, तर भाईजींनी, म्हणजे इफराच्या अब्बांनी, आपल्या अरब मालकाला, कफीलला, सांगून त्याचा व्हिसा पुन्हा काढून द्यावा, असं ती लिहिते. पत्र वाचता वाचता माझा खिमा करपला. उत्तर तिला देत नाही, तुला देते. तू माझ्या पाठचा आहेस, आणि तुझे कान धरायचा हक्क अम्मा मला देऊन गेली आहे.

अली, तो व्हिसा तल्हाचा नव्हता.

कफीलच्या घरी मी शिवणाला जाते हे तुला माहीत आहे. तिथे रईसा नावाची बाई घरकामाला आहे. सिलोनची, आपल्यासारखीच मुसलमान, पण बोली तमिळ. मोडक्या अरबीत आणि सिनेमातून शिकलेल्या हिंदीत आमचं चालतं. मी मशीन चालवते आणि ती शेजारी बसून इस्त्री करते. नवरा नाही. दोन मुलगे गावी आजीकडे. थोरला जौफर, आपल्या तल्हाच्या वयाचा, आणि धाकटा निझाम.

त्यांच्या गावाच्या एका अंगाला भातशेती आणि शेतीपलीकडे तमिळ गाव. तमिळ वाघांना वेगळा देश हवा आहे, आणि त्या देशाची हद्द म्हणे याच बांधावरून जाणार. गेल्या ऑगस्टात तिकडे मशिदीत नमाजाला उभ्या राहिलेल्यांवर वाघांनी गोळ्या झाडल्या. मग सरकारला मुसलमानांचा पुळका आला. फौज पाठवली असती तर मी सरकारला सरकार म्हटलं असतं. त्यांनी गावातल्या पोरांना शाळेच्या मैदानावर गोळा केलं, थोडी कवायत शिकवली, एकेक बंदूक आणि मूठभर काडतुसं दिली आणि सांगितलं, आता तुमचं गाव तुम्ही राखा. होमगार्ड म्हणतात त्यांना. नाही म्हणायची सोय नाही. नाही म्हटलं की सरकार विचारतं, तू वाघांचा का, आणि गाव विचारतं, तू बाई का.

जौफरने आईला कळवलं, नाव घातलंय, बंदूक यायच्या आत मला तिकडे बोलाव. त्याच सुमारास कफीलने इफराच्या अब्बांना सांगितलं, खजुराच्या बागेत एक माणूस हवा, कुठला आणायचा तो तुझा तू ठरव, मी व्हिशावर त्या देशाचं नाव घालतो. मी रईसाला शब्द दिला. ती बाई माझे हात सोडीना.

आणि मग तुझा फोन आला. मला नाही, त्यांना. मी घरात असताना तू त्यांच्या ऑफिसात फोन केलास, कारण मी काय म्हणेन हे तुला ठाऊक होतं. आपल्याकडचा तो अलिखित कायदा तू त्यांच्यापुढे ठेवलास. व्हिसा हाती आला की आधी घरचा पोरगा, मग भावकीचा, मग गावचा, आणि उरला तर जगाचा. संध्याकाळी ते मला म्हणाले, "मेव्हण्याचा पोरगा टाकून सिलोनच्या बाईच्या पोराला आणला, तर दाभोळात मी तोंड कुठे दाखवू?" कफीलने व्हिशावर हिंदुस्थान घातलं आणि विषय मिटला. मी दोन दिवस जेवले नाही, त्याने कुणाचं काही बिघडलं नाही.

तल्हाचा शिक्का झाला, तिकीट झालं, गावजेवण झालं. मग जानेवारीत इथे मिसाइलं पडायला लागली आणि तुम्ही त्याला घरी बसवलंत. मुदत संपून व्हिसा फुकट गेला. आपलं लेकरू आगीत कोण ढकलेल? त्याबद्दल मी तुला बोल लावत नाही. पण तेव्हा एक फोन करायचास, की आमचा येत नाही, तुम्ही दुसरा बघा. कफीलने ऐकलं असतं. तू गप्प बसलास. लढाई थांबली तर उपयोगी पडेल म्हणून व्हिसा धरून ठेवलास, बसमधल्या जागेवर रुमाल टाकून ठेवावा तसा.

इथे भोंगा वाजला की आम्ही न्हाणीघरात दाराच्या फटीला ओला टॉवेल लावून बसत होतो. तेव्हाही रईसा म्हणायची, जौफर इथेच बरा होता. या मिसाइलांखाली तिला आपला मुलगा हवा होता. तिकडे कसं असेल त्याचा विचार कर.

जौफर साधासुधा राहिला असंही नाही. त्याच्या टोळीने पलीकडच्या गावातली घरं जाळली. रॉकेलचा डबा त्याच्या हातात होता. रईसाने हे मला स्वतःच सांगितलं, इस्त्री खाली ठेवून. ज्यांची घरं जाळली त्यांच्यातला एक त्याच्या वर्गात होता. मला त्याचा राग येतो आणि कुणावर काढावा कळत नाही. म्हणून तुझ्यावर काढते.

फेब्रुवारीत मी शिवणाला गेले तर ती माझ्या मशीनजवळ उभी होती. "खलास, सफूरा," म्हणाली. "जौफर खलास." बांधावरच्या चौकीत वाघांनी पहाटे गाठलं त्यांना. पाच पोरं होती. फौज दुपारी आली, मोजायला.

तुला वाटेल इथे संपलं. सरकारने बंदूक परत नेली नाही. घरात दुसरा मुलगा आहे ना, असं म्हणून ती निझामला देणार आहेत, ईद झाल्यावर.

म्हणून आता नीट वाच. या खेपेला मी तुझ्या भाईजींना विचारलं नाही. कफीलच्या मुलीचं लग्न आहे, सगळे कपडे मी शिवते आहे. त्याच्या बायकोकडे मी मजुरी नको म्हटलं आणि व्हिसा मागितला. त्यावर देशाचं नाव माझ्यासमोर लिहून घेतलं. निझामच्या पासपोर्टावर अठरा वर्षं आहेत. आई सोळा म्हणते. मी जास्त विचारलं नाही. ईदच्या आत त्याचं विमान आहे. इफराच्या अब्बांना काल सांगितलं. अजून माझ्याशी बोलत नाहीत. बोलतील, नाहीतर नाही बोलणार. दाभोळात काय सांगायचं ते तू सांग, माझं नाव घालून सांग.

एक गोष्ट लिहायची नव्हती, पण लिहिते. तो व्हिसा कुणाला गेला हे रईसाला पहिल्यापासून माहीत आहे. तल्हा आला नाही हेही माहीत आहे. मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "उसकी मां ने ठीक किया." आणि जौफर गेल्यापासून मी गेले की ती दर वेळी विचारते, तुझा भाचा बरा आहे ना. टोमणा नसतो त्यात. मी बारकाईने बघितलं, नसतो. बरा आहे, म्हणते मी, आणि मान खाली घालून शिवते.

तेव्हा त्याला बरा ठेव. तुझ्याजवळ ठेव. माझ्याकडे पाठवू नकोस, कारण तो दारात आला तर रईसा त्याला बघायला येईल, आणि त्याच्या तोंडावरून हात फिरवील. ते मला बघवणार नाही.

तल्हाची फुफी,
सफूरा