बोक्याला बाबा

मंगळवार, संध्याकाळ

शिमग्याला वाडीतल्या सगळ्यांचे नवरे मुंबईहून आले. माझा नाही आला. पालखी दारात आली तेव्हा मनूला कडेवर घेऊन मी एकटीनेच ओटी भरली. सासूबाई म्हणाल्या, "पुढल्या वर्षी येईल गो."

त्या दिवसापासून लेकीला एकच शब्द शिकवतेय. फाटक्या कानाचा बोका मागच्या दारी आला की बोट दाखवायचं आणि म्हणायचं, बाबा. तोही मासळीचा वास आला की येतो, खातो, जातो. मग काय चुकलं माझं? पण पोर माझ्यासारखीच हट्टी. ओठ घट्ट मिटून नुसती बघायची.

आज ह्यांचा व्हिडिओ कॉल चालू होता. मनू फोनच्या पलीकडे बघत स्पष्ट म्हणाली, "बाबा."

हे रडायलाच लागले. "ओळखलंन गो मला. मे महिन्यात रजा टाकतो, नक्की."

मी मान वर केली. दारात तो फाटका कान, आणि तोंडात बांगड्याचं डोकं.

येऊ देत मे महिन्यात. बोकाही असेलच. मनू कोणाला बाबा म्हणते ते अख्ख्या वाडीसमोर ऐकावं त्यांनी, मग पुसावेत डोळे.